मध्यंतरानंतरच्या काकू

चित्रपटगृहाच्या तिकीटखिडकीत काकू सव्वीस वर्षं बसल्या आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकही सिनेमा पहिल्यापासून पाहिला नाही. उशिरा येणाऱ्यांशी हुज्जत घालून, खिडकी बंद करून त्या आत जायच्या तोवर मध्यंतर झालेलं असायचं. मग शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची, मांडीवर रुमाल आणि मनसोक्त रडणं. कुठलाही नायक काकूंना गुणाचा पुतळाच वाटायचा. त्याच्या आधीच्या उचापती त्यांनी पाहिलेल्याच नसायच्या ना!

दारावरचा बॅटरीवाला नेमका उलट. लोकांना बॅटरीच्या उजेडात जागा दाखवता दाखवता तो पूर्वार्ध बघायचा आणि मध्यंतर संपलं की बाहेर बाकावर डबा उघडायचा.

"एक नंबरचा हलकट," खेळ सुटल्यावर तो नायकाबद्दल म्हणायचा.

"देवमाणूस आहे हो!" काकू डोळे पुसत म्हणायच्या. हे भांडण ऐकायला प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर मुद्दाम खाली उतरायचा.

सख्ख्या भावाच्या बाबतीत मात्र काकू बॅटरीवाल्याच्याही वरताण. दादाचा पूर्वार्ध त्यांना तोंडपाठ होता. आई आठ महिने अंथरुणाला खिळलेली, आणि हा पठ्ठ्या बसने तासाभरावर राहून एकदाही फिरकला नाही. 'येतो, येतो' म्हणत आला तो आई गेल्यावर. काकूंनी त्या दिवशी बोलणं टाकलं, त्याला अकरा वर्षं झाली. आणि आता भाचीचा फोन: "आत्या, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मला महिनाभर कामासाठी बाहेर जावंच लागतंय. तुझ्याकडे राहू देत? शनिवारपर्यंत सांग." काकूंचा नकार तयारच होता.

गुरुवारी एका कारखान्याने कामगारांसाठी दुपारचा अख्खा खेळ घेतला. तिकिटं विकायचीच नव्हती, म्हणून काकू पहिल्यापासून जाऊन बसल्या. अर्ध्या तासात नायकाने जिवलग मित्राला खोट्या साक्षीने तुरुंगात धाडलं. "अरे मेल्या!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की तीन रांगा हसल्या. मध्यंतराला त्या पर्स काखेत मारून निघाल्या.

"कुठे, काकू?" बॅटरीवाला म्हणाला. "तुमचा भाग तर आता सुरू होतोय."

"या नालायकाचं तोंड बघायचं नाही मला."

"वा! सव्वीस वर्षं मला कोण सांगतंय देवमाणूस म्हणून?"

काकू चडफडत परत बसल्या. नायक आता सुधारेल, आता काहीतरी थोर करेल, अशी त्या वाट बघत राहिल्या. त्याने काहीच केलं नाही. तो सुटून आलेल्या मित्राच्या दाराशी जायचा, बेलपर्यंत बोट न्यायचा आणि परत फिरायचा. चौथ्या वेळी तो जिन्यात बसून स्वतःलाच शिव्या घालू लागला. मघाशी त्याचा उद्धार करणारा पुढचा कामगार कळवळून म्हणाला, "वाजव की रे!" आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, "वाजव रे बाबा, वाजव!"

बाहेर आल्या त्या रागातच. "लबाड असतात हो हे सिनेमावाले! त्याला चांगला केलाच नाही. नुसता एकटा असताना दाखवला."

"मग? हलकट की देवमाणूस?"

"हलकटच. पण जीव तुटला माझा." आणि काकूंना दादा आठवला. दादाला एकटं असताना आपण कधी पाहिलं? कधीच नाही. याचं त्यांना फार वाईट वाटलं. शनिवारची वाट न बघता त्यांनी भाचीला फोन लावला.

दादा काठी टेकत आला. दोन दिवस दोघं फक्त चहा आणि गोळ्या यांवर बोलले, तेही पाहुण्यांसारखं. तिसऱ्या दिवशी काकू बाजारातून परतल्या तर आतल्या खोलीतून आवाज येत होता. दार अर्धवट उघडं होतं. दादा कपाटाच्या आरशासमोर उभा राहून काकूंच्या लहानपणच्या नावाने बोलत होता.

"चिमे, आईला तसं बघायची हिंमत नव्हती माझ्यात. भित्रा होतो मी." तो थांबला. मान हलवली. "छे. चिमे, त्या वेळी परिस्थितीच अशी होती की... नाही, नाही. चिमे, झालं गेलं..." त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा नव्याने जुळवाजुळव सुरू केली, "चिमे, म्हणजे कसं आहे की..."

काकूंना हसू आलं आणि रडूही आलं. पिशवी खाली ठेवून त्यांनी दार ढकललं.

"दादा," त्या म्हणाल्या, "पहिलंच बरं होतं. तेच म्हण."