शेरूचं दुखणं आणि बाबांची सतरंजी

मंडळी, आज आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, शेरूला, रामदासपेठेत डॉक्टरांकडे नेलं. गुडघे इतके दुखतात, की एकदा बसला की त्याला उठवतच नाही.

निघताना बाबा म्हणाले, "वय झालं वं त्याचं. काहून त्रास देऊन राहिली त्याले?"

"बाबा, वय झालं म्हणून दुखणं सोसायचं का?"

डॉक्टरांनी शेरूचंच रक्त काढलं, त्यातला सांध्याची झीज भरायला मदत करणारा भाग वेगळा करून गुडघ्यात टोचला. म्हणाल्या, "तो तरुण होणार नाही, पण दुखणं कमी होऊ शकतं. वजन उतरवा, गुळगुळीत फरशीवर चालवू नका."

घरी येताच बाबांनी आपली सतरंजी हॉलमध्ये अंथरली. "घसरन ना तो!"

आता शेरूच्या उपचारात माघार नाही. तुमच्याही घरी कुणाचं दुखणं नुसतं 'वय' म्हणून राहून गेलंय का?