ड्रग ट्रान्सपोर्टचा फ्लेक्स

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तो चहाचा घोट गिळून घ्या. मागे एकाला हा किस्सा सांगितला, तर मला शर्ट बदलायला घरी जावं लागलं!

आमची मृण्मयी पीएच.डी. करत होती, तेव्हाची गोष्ट. विषय काय, तर अल्झायमरचं औषध मेंदूत कसं पोहोचवायचं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, गोळी गिळली की पोहोचलं! मीही तेच म्हणालो होतो. पण नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर म्हणे भयंकर कडक पहारा असतो. रक्तातलं वाट्टेल ते आत सोडत नाहीत. विष अडवतात ते ठीक आहे हो, पण हे शहाणे औषधही अडवतात! त्या पहाऱ्याला म्हणतात ब्लड-ब्रेन बॅरियर.

हा विषय पोरीने उगाच नव्हता घेतला. माझे थोरले भाऊ, अण्णा, आमच्याकडेच असत. तिला सायकल शिकवली त्यांनी. तेच अण्णा एक दिवस तिला म्हणाले, "आपण कोणाकडच्या?" त्यानंतर तिने हट्टच धरला.

तर ती सुट्टीत पनवेलला आली आणि सोसायटीच्या हॉलमध्ये तिचं व्याख्यान ठरलं. आयुष्यातलं पहिलं! मराठीतून, साध्या माणसांसाठी.

"बाबा, हॉल रिकामा राहिला ना, तर मी पुन्हा माइकला हात लावणार नाही."

"बाळा, प्रसिद्धी माझ्याकडे सोपव," मी म्हटलं.

झालं! इथेच माशी शिंकली.

मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. विषयाचं नाव होतं 'अल्झायमरमध्ये ब्लड-ब्रेन बॅरियर ओलांडून होणारा ड्रग ट्रान्सपोर्ट'. फ्लेक्सवाला म्हणाला, "काका, एवढं कोण वाचणार? गाडीवरून जाताना दिसलं पाहिजे."

पटलं मला. आजाराचं नाव कापलं, लोक घाबरतात. ब्लड कापलं, अभद्र वाटतं. ब्रेन कापलं, ते तर माझ्याकडे तेव्हा नव्हतंच! उरलं ते लालभडक अक्षरांत छापलं:

'ड्रग ट्रान्सपोर्ट: बॅरियर पार कसा कराल? तज्ज्ञांचे मोफत मार्गदर्शन.' खाली तारीख, वेळ, हॉलचा पत्ता आणि माझा मोबाईल.

आणि लावला कुठे? भरपूर लोकांना दिसावा म्हणून कळंबोलीला, ट्रक टर्मिनलच्या तोंडावर! लेकीला सरप्राइज म्हणून घरात चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी फोन.

"ते फ्लेक्सवरचं... खरंच पार होतं का?"

"होतं की!"

"पण बॅरियरला तर माल अडकतो."

"अहो, तेच तर दुखणं आहे! बहुतेक माल तिथेच अडकतो." माणूस अभ्यासू वाटला. मला तर भरून आलं.

"मग तुम्ही काय करता?"

"मी कसला करतोय! सगळं माझी मुलगी बघते. पहारेकऱ्यांच्या ओळखीचा जो असतो ना, त्याच्याच अंगाला ती माल चिकटवते. ते आपला माणूस म्हणून त्याला सोडतात, की माल आत!"

पलीकडून मग जरा खालच्या आवाजात, "सध्या कोणावर चालू आहे हे?"

"सध्या फक्त उंदरांवर. माणसांपर्यंत यायला वेळ आहे."

"उंदीर... बरं. एकटीच आहे का ती यात?"

"छे! मोठी टीम आहे. परदेशातलेही लोक आहेत," मी छाती फुगवून सांगितलं. "तुम्ही याच. ओळखच करून देतो."

व्याख्यानाच्या संध्याकाळी बघतो तर हॉल तुडुंब! भिंतीला टेकूनसुद्धा माणसं उभी. मी बायकोला कोपराने ढोसलं, "बघितलंस?"

ती म्हणाली, "अहो, पण यातले निम्मे ट्रकवाले दिसतात."

"ज्ञानाची भूक, शुभा!"

मृण्मयीने माइक हातात घेतला. "नमस्कार. आज आपण ड्रग पलीकडे कसं न्यायचं ते..."

पहिल्या रांगेतला एक मिशीवाला ताडकन उठला. दाराशी दोघं आडवे उभे राहिले.

"पोलीस! कोणी जागचं हलायचं नाही. मॅडम, माल कुठाय?"

आवाज ओळखलात ना? फोनवरचे अभ्यासू गृहस्थ!

मृण्मयीला वाटलं, आला पहिला प्रश्न. ती शांतपणे म्हणाली, "लॅबमध्ये, फ्रीजमध्ये."

"आणि उंदीर?"

"पिंजऱ्यात."

साहेबांनी तिच्यासमोर मोबाईल धरला. त्यात माझ्या फ्लेक्सचा फोटो. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग सबंध हॉलवरून नजर फिरवत माझ्यापाशी आणली.

"बाबा!!"

त्या क्षणी मला खुर्चीखाली जायचं होतं, पण पोट आडवं आलं.

पोरीने मात्र कमाल केली. प्रोजेक्टर लावला. पडद्यावर हा एवढा मोठा मेंदू! "साहेब, बॅरियर हा. आणि ड्रग म्हणजे विसरण्याच्या आजाराचं औषध." सगळं नीट समजावून सांगितलं.

मागून एक ट्रकवाला ओरडला, "म्हंजी चेकनाक्याचं काय नाय?"

"नाय दादा," मृण्मयी म्हणाली आणि हॉल खो खो हसत सुटला. पण गंमत सांगू? उठून कोणीच गेलं नाही.

बऱ्याच वेळाने त्या पोलीस साहेबांनी हात वर केला. आवाज पार बदललेला.

"मॅडम, माझी आई मला 'साहेब, बसा ना' म्हणते. पाहुणा समजून. हे औषध कधी येणार?"

माझ्या शेजारी अण्णा, माझा हात घट्ट धरून.

"खोटं नाही सांगत, मलाही माहीत नाही," मृण्मयी म्हणाली. "पण आम्ही प्रयत्न सोडलेले नाहीत. आईंना एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या म्हणतील तसे पाहुणे व्हा. मीही अण्णांसाठी होते."

साहेब जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, मुलगी हुशार आहे हो. फ्लेक्स आजच्या आज उतरवा."

पुढे मृण्मयीला डॉक्टरेट मिळाली. प्रबंधात सुरुवातीला आभाराचं पान असतं. गाइडचे आभार, आईचे आभार, अण्णांसाठी तर अख्खा परिच्छेद. मी चष्मा पुसून स्वतःचं नाव शोधत होतो. सगळ्यात शेवटी सापडलं:

'माझ्या वडिलांचे विशेष आभार. या संशोधनापासून कटाक्षाने दूर राहून त्यांनी मोलाचे सहकार्य केले.'