सीटवाले मास्तर

निपाणी ठाण्यातल्या नोकरीचा विषय निघाला की मला आधी आठवते ती ठाण्याच्या पायरीवर घुटमळत उभी राहिलेली एक मुलगी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे पोलीस सबइन्स्पेक्टर होतो. दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि गावात नव्या तंबाखूच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. त्या काळी बाईमाणूस एकटं ठाण्यात येत नसे. आलंच तर बाप किंवा भाऊ पुढे आणि ती मागे. ही एकटीच आली. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहरा असा की मला वाटलं, कुणीतरी त्रास दिलेला दिसतोय.

आमचे हवालदार हुक्केरीकडचे, कन्नड बोलणारे. लोक तक्रार मराठीत सांगायचे, हवालदार ती कन्नडमध्ये लिहायचे आणि सही घेण्यापूर्वी आपल्या मोडक्या मराठीत वाचून दाखवायचे. त्यांनी सवयीने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कुणावर तक्रार, बाई?"

"माझ्यावरच," ती म्हणाली. "मी बेळगावला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. माझी सीट खोटी आहे, साहेब. ती काढून घ्या आणि ज्याची असेल त्याला द्या."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मी तिला बसवलं आणि चहा सांगितला. ठाण्यात आलेल्या माणसाला चहा पिईपर्यंत काही विचारू नये, असं माझे पहिले वरिष्ठ सांगायचे. कप हातात असला की माणसाचा थरकाप कमी होतो.

तिची हकीकत अशी. वडील ती लहान असतानाच वारले. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायची. मुलगी हुशार, गावातच बी.एस्सी. झाली. त्या काळी मेडिकलला पी.यू.सी.वरून, म्हणजे पदवीआधीच्या परीक्षेवरून, प्रवेश मिळायचा, आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठीही थोड्या जागा असायच्या. तिने अर्ज केला आणि तिची निवड झाली. दिवाळीला घरी आली तर आईच्या गळ्यातली बोरमाळ दिसेना. घरातलं सोनं तेवढंच. आईने आधी 'ट्रंकेत हाय' म्हणून सांगितलं, मग 'मोडली' म्हणाली, आणि शेवटी खरं सांगितलं: बोरमाळ सीटवाल्या मास्तरांना दिली.

मास्तरांचं नाव मी ऐकून होतो. बेळगावचा माणूस. पूर्वी कुठल्याशा कॉलेजच्या कचेरीत होता म्हणे. बाजाराच्या दिवशी निपाणीला यायचा आणि स्टँडजवळच्या खानावळीत बसायचा. तिथे मुलांचे आईबाप त्याला गाठायचे. काम झालं तर वस्तू त्याची, नाही झालं तर परत, असा त्याचा तोंडी व्यवहार होता.

"पण तुझी सीट खोटीच कशावरून?" मी विचारलं.

"मला सेकंड क्लास आहे, साहेब. आमच्या गल्लीतल्या वकिलांच्या मुलाला फर्स्ट क्लास असून मिळाली नाही. मग मला कशी मिळाली?" ती म्हणाली. "तिथं शरीरविच्छेदनाच्या टेबलापाशी उभी राहिले की वाटतं, इथं दुसरं कुणीतरी उभं असायला पाहिजे होतं. हात चालत नाही माझा."

तिच्याबद्दल गावात दोनच तर्क होते, राखीव जागेची सवलत किंवा वशिला. तिसरा तर्क कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, तिच्यासुद्धा.

गुन्हा नोंदवायचा तर जिने वस्तू दिली तिची फिर्याद हवी. मी साध्या वेशात तिच्या घरी गेलो. सारवलेली एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात नीट रचलेली पुस्तकं. आईने मला बसायला सतरंजी टाकली, पण फिर्यादीचं नाव काढताच हात जोडले.

"न्हाय सायेब. मास्तर देवमाणूस हाय. त्याच्यामुळं माझी पोर डाक्टर हुणार. त्याच्यावर मी तक्रार करू व्हय? माझं मी खुशीनं दिलंय."

"आई, ते बरोबर न्हाय गं," मुलगी म्हणाली.

"तू गप बस. तुला काय कळतंय?"

मग मी इतरांकडे चौकशी केली. जिथे जाई तिथे मास्तरांची स्तुतीच ऐकू येई. ज्यांच्या मुलांना जागा मिळाली ते उपकारांखाली दबलेले. ज्यांना नाही मिळाली त्यांनी तर त्याला डोक्यावर घेतलेलं. एका किराणा दुकानदाराने मला घरातून पाटली आणून दाखवली. "जशीच्या तशी परत दिली बगा, सायेब. ह्या काळात असा माणूस मिळतोय कुठं?"

नोकरीत मी बरेच ठग पाहिले होते, पण घेतलेलं घरपोच परत करणारा पाहिला नव्हता. त्यामुळे माझा संशय आधी कॉलेजवर गेला. हा माणूस मध्ये आहे म्हणजे आत कुणीतरी घेणारा असणार, असं मी धरून चाललो. परवानगी काढून बेळगावला गेलो आणि प्रवेशाचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना भेटलो. ते वयस्कर डॉक्टर होते. माझा प्रश्न ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मला बाहेर काढलं नाही. त्यांनी कागद घेतला आणि मला शाळेतल्या मुलासारखं समोर बसवलं.

"बी.एस्सी.चा क्लास आम्ही बघतच नाही," ते म्हणाले. "त्यात भाषा असतात. इंग्रजी, दुसरी भाषा. त्या आम्ही बाजूला काढतो. फक्त शास्त्राचे विषय घेतो, प्रॅक्टिकल धरून. वरच्या वर्गांच्या गुणांना जास्त वजन देतो. एखादा पेपर दुसऱ्या खेपेला सुटला असेल तर त्यातून काही गुण वजा करतो. मग यादी लागते."

त्यांनी त्या मुलीचे गुण तसेच मांडून दाखवले. मराठी माध्यमातून आलेली ती. इंग्रजीने तिला खाली ओढलं होतं, आणि इंग्रजी इथे धरतच नव्हते. रसायन आणि प्राणिशास्त्रात ती फार वर होती. वकिलांच्या मुलाचं उलटं होतं. त्याचा फर्स्ट क्लास भाषांवर उभा होता, आणि एक पेपर दुसऱ्या खेपेला सुटलेला.

"ही मुलगी खुल्या यादीत आहे, आणि बरीच वर आहे," ते म्हणाले. "हा नियम आमच्या फलकावर लावलेला असतो. कुणी वाचत नाही."

मी जाताना फलक पाहिला. नियम होता खरा, बारीक टाइपातला आणि अवघड इंग्रजीतला. वखारीत पानं निवडणाऱ्या बाईला तो कोण वाचून दाखवणार?

तरी एक प्रश्न उरत होता. गुण चांगले होते हे ठीक, पण त्यावर आणखी कुणाला काही पोचलं नाही, हे मास्तराच्याच तोंडून यायला हवं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही त्याला खानावळीतून चौकशीसाठी आणला. धोतर, काळी टोपी, सोनेरी काड्यांचा चष्मा. खुर्चीवर असा बसला जणू आम्हीच त्याच्याकडे काम घेऊन आलो होतो.

"साहेब, तुमच्या घरात कुणी शिकणारं असलं तर सांगा," तो म्हणाला. "ओळखी वरपर्यंत हाईत."

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तो मोठमोठी नावं घेत राहिला असता. मी हवालदारांना कागद घ्यायला सांगितलं आणि म्हणालो, "बोरमाळ कुणाला पोचवली ते नाव सांगा. त्याच्यावर लाच घेतल्याचा गुन्हा, तुमच्यावर दिल्याचा. आज संध्याकाळी त्याला इथे तुमच्या समोर बसवतो."

तो हसला. मग हवालदारांचं पेन कागदावर टेकलेलं पाहून हसायचा थांबला. एक नाव सांगितलं असतं तर तो माणूस खरोखर समोर येऊन बसला असता. बराच वेळ तो टोपी काढून पुन्हा घालत राहिला.

"कुणालाच दिली न्हाय, साहेब."

"मग काम कसं झालं?"

"मी काय बी केलं न्हाय. गुण कसे धरत्यात ते मला ठावं हाय, एवढंच. आईबाप मार्कांचा कागद आणत्यात, मी घरी बसून हिशेब घालतो. ज्याचं हुणार त्याचं हुतंय. ज्याचं न्हाय हुणार त्याचं परत करतो. त्या पोरीचा कागद बघितला तवाच कळलं, ही पहिल्या झटक्यात बसणार."

हवालदार कन्नडमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मला त्याचा अर्थ कळला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला माहीत होतं. पण ते बोलणं कोर्टाच्या आधी दुसऱ्या कुणीतरी ऐकायला हवं होतं. मायलेकींना मी आधीच बोलावून बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. त्यांना आत घेतलं आणि मास्तराला म्हणालो, "आत्ता मला सांगितलंत ते यांना सांगा."

त्याने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. "म्हंजे तू कुणाला भेटला न्हाईस?" तिने विचारलं.

"न्हाय, आक्का."

"कुणाला शब्द टाकला न्हाईस?"

"न्हाय."

"मग समदं हिनंच केलं?"

"व्हय, आक्का. हिच्या मार्कांनीच झालं."

ती बाई मुलीकडे वळली. मग तिचा चेहरा हातांत धरला आणि तिथेच, ठाण्यात, आम्हा सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडू लागली. मुलगी मात्र रडली नाही. तिने भिंतीला टेकून डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. ठाण्यात सुटकेचे श्वास मी पुष्कळ ऐकले आहेत, पण तसा पुन्हा ऐकला नाही.

डोळे पुसून आई हवालदारांच्या टेबलापाशी गेली. "लिवा माझी तक्रार."

"बोरमाळीची?" हवालदारांनी विचारलं.

"बोरमाळ ऱ्हाऊ द्या. यादी लागली त्या दिवशी पेढे घिऊन मी आधी ह्याच्या पाया पडायला गेलती. लेकीच्या तोंडात पेढा नंतर घातला. ते लिवा."

असं कलम कायद्यात नाही. हवालदारांनी फसवणुकीचं कलम लावलं, पण तिचं ते वाक्य त्यांनी फिर्यादीत जसंच्या तसं कन्नडमध्ये उतरवलं आणि सही घेण्यापूर्वी तिला मराठीत वाचून दाखवलं. तिच्या मागोमाग आणखी काही पालक पुढे आले. बोरमाळ बेळगावच्या एका सराफाकडे मिळाली. पंचनामा झाला, खटला उभा राहिला. ती मुलगी साक्षीला आली आणि आपले गुण कसे धरले गेले ते तिने भर कोर्टात न अडखळता सांगितलं. गावात लोक काय म्हणतील म्हणून ती कचरेल, अशी मला भीती होती. तिनेच मला सांगितलं, "साहेब, लोकांना कळायचं तर हीच जागा बरी." मास्तराला शिक्षा झाली. ती डॉक्टर झाली आणि सीमाभागातल्याच एका सरकारी दवाखान्यात तिने पुष्कळ वर्षं काढली.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. तोवर मी समजत होतो की लोक हावरटपणापायी फसतात. ही माणसं हावरट नव्हती. आपल्या लेकराचा निवाडा कुठल्या हिशेबाने होतो तेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्या अंधारात जो कुणी 'मला ठाऊक आहे' म्हणाला त्याचे पाय त्यांनी धरले.

पुढच्या जूनमध्ये मी त्या प्राध्यापकांकडून नियम समजून घेऊन सोप्या मराठीत लिहून काढला. हवालदारांनी कन्नडमध्ये लिहिला. दोन्ही कागद ठाण्याच्या दारात शेजारी शेजारी लावले. नंतर खानापूरला बदली झाली तिथेही लावले. लोंढ्याकडून, कणकुंबीकडून माणसं यायची. वरिष्ठांनी एकदा विचारलं, हे काय पोलिसांचं काम आहे का? मी म्हणालो, गुन्हा होण्याआधीचं काम आहे. ते हसले आणि कागद तसेच राहिले. आता सगळं बदललं, प्रवेशाच्या वेगळ्या परीक्षा आल्या. पण मार्कांचे कागद घेऊन ठाण्याच्या व्हरांड्यात बसलेली ती माणसं आठवली की अजून बरं वाटतं.

खानापूरच्या ठाण्यात एकदा बेळगुंदीचा एक शेतकरी आला होता. मुलाच्या सीटसाठी म्हैस विकायला निघालेला. मी त्याला समोर बसवून सगळे गुण मांडून दाखवले. मुलाचं जमणार नव्हतं, आणि का जमणार नव्हतं तेही सांगितलं. मला वाटलं, आता हा विनवणी करणार.

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठला. "बरं झालं, सायेब. पोराला घरी जाऊन सांगतो, तुझं काय बी चुकलं न्हाय, पर दुसरी लई पोरं तुझ्या पुढं हाईत. त्याला वाटतंय, बाऽ पैशाला कमी पडला."