अंडं तरंगलं होतं

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात धाकटी भावंडं होती. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा मनात दुसरंच काहीतरी बोलले. तोंडानं मला काही सांगता येत नाही, लहानपणापासूनच. समोरच्यानं माझ्याकडे बघितलं की शब्द घशातच बसतात. कागद तोंडाकडे बघत नाही, एवढं बरं आहे.

कुठून सुरू करू? मिठापासून? नको. आधी दस्तगीरमामांचं सांगते. त्यांचं सांगायला मला बरं वाटतं.

आमचं गाव नेसरीच्या पुढं. आमचं घर आणि मामांचं घर यांच्यामध्ये मेंदीची कुपाटी, म्हणजे कुंपण, तेही शेळ्यांनी खाऊन गुडघ्याएवढं राहिलेलं. आम्ही लिंगायत, ते मुसलमान. पण लग्न होऊन मी आले तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्याशी हसून बोललेलं माणूस म्हणजे त्यांच्या बायको, जुबेदामामी. मी बोलत नाही म्हणून त्यांनी माझं नावच 'मुके' ठेवलं होतं. कुपाटीवरून ओरडायच्या, "मुके, आज बोलणार हाईस का उद्या?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

मामा भाताचं बियाणं करायचे. दुकानातलं नव्हे, स्वतःच्या वावरातलं. उभ्या भातातून रोज चक्कर मारायचे आणि एखादं रोप उंच किंवा वेगळ्या रंगाचं दिसलं की ते मुळासकट उपटायचे. उपटताना त्याच्याशी बोलायचे, "पावणं, वाट चुकलासा. तुमचं गाव पुढं हाय." आम्ही बांधावर गवत कापत असलो की हसून हसून विळा थांबायचा. बी देण्याआधी मूठभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि मोड आलेलं गोणपाट ज्याला बी द्यायचं त्याच्यापुढं उलगडायचे. पोराच्या बारशाला पेढे वाटावेत तसं ते गोणपाट घरोघर फिरवायचे.

आता साहेबांचं सांगते. माझी लेक नुकती शाळेत जायला लागली होती, म्हणजे नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं धरा. शेतकी खात्याचे एक तरुण साहेब गावात यायला लागले. त्यांनी आम्हा बायकांचं मंडळ केलं. म्हणाले, भाताची अर्धी कामं तुम्हीच करता, मग शिकायचं पुरुषांनी का? गादीवाफे कसे करायचे, लावण दोरीवर कशी करायची, हे त्यांनी दाखवलं. आणि बी पेरण्याआधी ते मिठाच्या पाण्यात कसं घालायचं, तेही.

ते असं होतं. पाण्यात मीठ विरघळवायचं आणि त्यात अंडं सोडायचं. अंडं तरंगून रुपयाएवढं वर दिसायला लागलं की पाणी तयार. मग त्यात बी ओतायचं. पोचट आणि रोगट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेलं बी चांगलं. ते लगेच साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं. लगेच, नाहीतर मिठानं बी मरतं, हे साहेबांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

अंड्याचं नाव काढताच बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "सायेब, आमच्यात अंडं उंबऱ्याच्या आत येत न्हाय."

"मग उंबऱ्याच्या भाईर तरंगू दे की," साहेब म्हणाले. त्यावर अजून हसू.

त्या वर्षी मंडळातल्या सगळ्याजणींनी मामांकडून बी विकत घेतलं. मिठाचं काम एकाच ठिकाणी करायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं. आमच्याकडे मोठं तपेलं होतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे — सगळ्या म्हणाल्या, ही बोलत नाही पण काम चोख करते. माझ्याविषयी चार बायकांत कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. घरी येताना मी हवेत होते.

अंडं मामींकडून आणायचं, असं ठरलेलं होतं. मी कुपाटीपर्यंत गेले. त्यांच्या अंगणात माहेरची माणसं आली होती, बाजेवर पुरुष बसले होते. त्या सगळ्यांपुढं मी अंडं मागायचं? लिंगायताच्या सुनेनं? आणि ते हातात कसं धरायचं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तोवर मी अंड्याला कधी हात लावलेला नव्हता. फुटलं तर? आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बघितलं तर? मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

घरी येऊन तपेल्यात खडेमीठ टाकलं. लिंबू सोडून बघितलं, तर ते साध्या पाण्यातच तरंगत होतं. मग अंदाजानंच मीठ टाकत गेले. कमी पडायला नको म्हणून अजून टाकलं, मग अजून. बी ओतलं तर अर्ध्याच्या वर बी वर आलं.

दुसऱ्यांचं बी, पैसे देऊन घेतलेलं. एवढं सगळं काढून टाकू? उद्या काय सांगू? आणि तेव्हा मला वाटलं, भिजू दे, भिजलं की जड होऊन आपोआप खाली बसेल. वरून झाकण ठेवलं आणि म्हशीची धार काढायला गेले. सकाळी उघडलं तर सगळं बी तळाला बसलेलं! काय आनंद झाला म्हणून सांगू. एकदाच धुतलं, कारण विहीर लांब होती आणि बायका बी न्यायला दारात आल्या होत्या. ज्याचं त्याचं मोजून दिलं. सगळ्याजणी मला चांगलं म्हणून गेल्या.

तरवा, म्हणजे लावणीची रोपं, उगवलाच नाही. म्हणजे उगवला, पण कसा? वाफ्यात इथं चार काड्या, तिथं चार काड्या, मधे नुसती माती. सगळ्याजणींचं तेच. लावणीचे दिवस आले आणि लावायला रोप नाही.

देवळापुढच्या कट्ट्यावर सगळे जमले. मामांना बोलावलं. बायकांपेक्षा त्यांचे नवरेच जास्त बोलत होते. मामा म्हणाले, "मी गोणपाटात उगवून दावलंतं की तुमास्नी."

"दावलंस ते येगळं, दिलंस ते येगळं," कुणीतरी म्हणालं.

मामा म्हणाले, उरलेलं बी मी माझ्या वाफ्यात टाकलंय, चला बघायला. लोक गेले. मामांचा तरवा दाट, हिरवागार. त्यांना वाटलं होतं, आता तरी पटेल. पण लोक काय म्हणाले? चांगलं स्वतःला ठेवलं आणि खराब आम्हाला दिलं. मामांचं तोंड तेव्हा कसं झालं, ते मी बघितलं. अजून दिसतं.

परत कट्ट्यावर आलो. साहेबही आले होते, त्यांनी मला विचारलं. चांगल्या मनानं विचारलं, रागानं नव्हे. म्हणाले, ताई, मिठाचं पाणी बरोबर झालं होतं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, "अंडं तरंगलं होतं."

अगं बाई! एरवी ज्या तोंडातून शब्द निघत नाही, त्यातून हे इतकं सरळ कसं निघालं?

आत्ती मागंच उभ्या होत्या. त्या कडाडल्या, "अंडं? कुठलं अंडं? माझ्या घरात अंडं कुणी आणलं?"

आता संपलं, असं मला वाटलं. आता कळणार, की अंडं नव्हतंच. आणि खरं सांगते, मी सांगणार होते, असं मला पुढं कित्येक वर्षं वाटायचं. पण नाही. मी सांगणार नव्हते.

तेवढ्यात मामी बोलल्या. "मी दिलंतं की! उंबऱ्याच्या भाईरच तरंगलं, आत्तीबाई. तुमच्या चुलीपतूर न्हाय आलं. उगं पोरीच्या अंगावर जाऊ नगासा."

मामींनी मला अंडं दिलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मला सासूच्या तोंडातून सोडवायला त्या एका वाक्यात बोलून गेल्या. आणि त्या एका वाक्यानं त्यांच्याच नवऱ्याचं बी खराब ठरलं. अंडं दिलं, अंडं तरंगलं, पाणी बरोबर होतं. मग राहिलं काय? बी. बोलून झाल्यावर मामींच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी एकदा मामांकडे बघितलं. मामांनी मामींकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "बरं. माझंच कायतरी चुकलं आसंल."

त्यांनी दुभत्या शेळ्या विकल्या आणि सगळ्यांचे बियाण्याचे पैसे परत दिले, त्याच कट्ट्यावर, ज्याचे त्याच्या हातात. माझा नंबर आला. मी हात पुढं केला. हो, केला. मामांनी माझ्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाले, "घे पोरी. तुझी मेहनत बी वाया गेली."

त्यानंतर मामांनी कुणाला बी दिलं नाही. वावरात चक्कर मारायचे, वेगळं रोप दिसलं की उपटायचे, पण बोलायचे नाहीत. मामी मात्र तशाच. कुपाटीवरून मुके मुके करायच्या, ईदला आत्तींसाठी न विसरता कोरडा शिधा पाठवायच्या, माझ्या लेकीला न्हाऊमाखू घालायच्या. कधी एका शब्दानं ते काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर बरं झालं असतं का? मला नाही सांगता येत.

पुढं आत्ती गेल्या. मामाही गेले. एके दिवशी मी भाजी चिरत बसले होते आणि रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला होता. सांगणारे म्हणाले, मिठाच्या द्रावणात अंडं किंवा बटाटा सोडावा. किंवा बटाटा! माझ्या पुढ्यातल्या ताटात बटाटे होते. त्या दिवशीही होते — चुलीशेजारच्या बुट्टीत, हाताच्या अंतरावर. मला आधी हसू आलं. मग विळीवरून उठून घरामागच्या परड्यात जाऊन बसले.

त्यानंतर डेअरीचं बिल हातात आलं की थोडे पैसे मी बाजूला काढायला लागले. माझ्या एकटीचे नव्हेत, मामांनी त्या दिवशी जेवढ्यांना दिले तेवढ्या सगळ्यांचे. मामींच्या हातात द्यायचं धाडस नव्हतं. त्यांच्या अंगणात कोंबड्या झाकायचं डालगं असे. त्याच्याखाली पैसे सरकवून यायची. पहिल्यांदा ठेवले तेव्हा दुसऱ्या दिवशी मामी कुपाटीवरून ओरडल्या, "मुके, कोंबड्या आता नोटा घालाय लागल्यात बघ!" मी मान खाली घालून शेण भरत राहिले. पुढच्या बिलाला परत ठेवले. मामी ओरडल्या नाहीत. पण डालगं रोज जरा आमच्या बाजूला सरकवून ठेवायला लागल्या, कुपाटीवरून हात पोचेल असं.

अशी काही वर्षं गेली. शेवटचे पैसे ठेवायला गेले तेव्हा मामी डालग्याशेजारीच बसल्या होत्या. गुडघे धरून, पांढरे केस मोकळे सोडून. मी पैसे पदरात लपवले. त्यांनी हात पुढं केला, मी दिले. म्हणाल्या, "झालं न्हवं गं सगळ्यांचं?" म्हणजे त्याही हिशेब ठेवत होत्या.

मग म्हणाल्या, "त्या दिशी कुपाटीपाशी उभी हुतीस. मी बघितलंतं. पावणं हुतं, म्हटलं येईल आत. हाक मारायची ऱ्हायली माझी."

त्यांनी चूक स्वतःकडे घेतली. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं — नाही मामी, तुमची नाही. मी म्हणाले नाही. तेव्हाही नाही. त्यांनी डालग्यात हात घालून एक अंडं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते अजून ऊन होतं. मी ते दोन्ही हातांनी धरून घरी आणलं आणि उंबऱ्याच्या आत आणलं.

गावात अजून बियाण्याची गोष्ट निघाली की कुणी ना कुणी म्हणतं, दस्तगीरनं फसवलंतं बघा. मी तिथंच असते, तांदूळ निवडत. हात थांबत नाहीत माझे.

पैसे तेवढे फिटले. सगळे.