कर्नलचा खून आणि माझा टांगा

माझं लग्न एका कर्नलच्या खुनावर ठरलं. (खून पडद्यावरचा. घाबरू नका.)

तेव्हा मी झाशीला रेल्वेत नुकताच चिकटलो होतो. जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतले एक मराठी सुभेदार आपल्या निर्मलेसाठी स्थळ बघत होते. चहा-पोह्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. अंधारात शेजारी बसवला की माणूस कळतो, असं म्हणून त्यांनी मला, निर्मला आणि घरच्या मंडळींसोबत, इलाइट चौराह्याजवळच्या टॉकीजमध्ये बोलावलं.

सिनेमा फौजी होता. मेसमध्ये जेवण चालू असताना दिवे जातात, आणि परत येतात तेव्हा कर्नलसाहेब सूपमध्ये पालथे! मग कॅमेरा टेबलावरच्या एकेकाच्या डोळ्यांवर फिरतो. मी आ वासून बघत राहिलो. असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं.

भारावले सुभेदारही होते, पण त्यांची तपासणी थांबेना. हिरोचे केस कॉलरला टेकतात, मेडलं भलत्याच बाजूला, आणि मेसमध्ये कोणी गाणं म्हणतं का? नायिकेशी बोलायला पहारेकरी गेट सोडून गेला, तेव्हा तर ते माझ्या कानाशीच आले.

"पहारा सोडला. याला कोण पोरगी देईल?"

मी पाठ ताठ केली.

पुढे कर्नलला अखेरची सलामी. बिगुल वाजला, पडदा काळा झाला आणि टॉकीजमधले सगळे फौजी खाड्कन उभे राहिले! मला वाटलं, सिनेमा संपला! (बिगुल वाजला की फौजी माणूस पडद्यावरच्या मेलेल्यालाही उभं राहून मान देतो, हे रेल्वेवाल्याला कसं कळावं?) खुनी सापडलाच नाही! दिग्दर्शकाची काय ही छाती! त्याच धुंदीत मी गर्दीच्या आधी टांगा धरायला बाहेर धावलो.

बराच वेळ कोणी बाहेर येईना. बिचारे, शेवट बघून जागीच खिळले असणार!

अखेर मंडळी आली. कुठे गायब झालात, असं सुभेदारांनी विचारलं. मी रुबाबात टांगा दाखवला.

"आणि पिक्चर?"

"अप्रतिम! खुनी शेवटपर्यंत सापडत नाही, ही हिंमतच लागते."

निर्मलेने पदर तोंडाशी नेला. सुभेदार टांगेवाल्याकडे वळले.

"क्यों भैया, ये साहब यहाँ से हिले?"

"कहाँ जी! तीन सवारी भगा दीं. हमें पानी पीने तक नहीं जाने दिया."

सुभेदारांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"अक्कल बेताची आहे," ते मुलीला म्हणाले, "पण पहारा सोडत नाही."

"मला चालेल, बाबा. फक्त खुनी कोण, ते यांना कोणी सांगायचं नाही."

फौजी घराणं ते! एकजणही फुटला नाही. सिनेमाही झाशीत पुन्हा लागला नाही. गेल्या महिन्यात घरात नवी सून आली. आठवड्याच्या आत तिलाही खुनी कळला. मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच विचारलं, तर म्हणते, "सॉरी पापाजी, मम्मीजी का ऑर्डर है."

थोडक्यात, मी अजून टांगा धरून बाहेरच उभा आहे!