सासूबाई खांडीत बसल्या

माझ्या सासूबाई काठावर उभ्या राहिल्या की पाताळगंगा अंग चोरून वाहते, असं आमच्या खालापूरकडे म्हणत. म्हणजे मी म्हणे, बाकीचे माना डोलवत.

खोपोलीला विजेचं घर झालं आणि नदीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं, त्या काळात मी नवी सून होते. नदीकाठी आमचं एकच शेत, वर्षाचं सगळं भात त्यातलंच. मध्ये एक मातीचा बांध. तो फुटला तर लावणी वाहून जाणार, आणि पुन्हा लावायला रोप उरलेलं नव्हतं.

मामंजींना माशांचं भारी वेड. पावसाच्या सुरुवातीला नदीतले मासे शेतात चढतात, त्या वळगणीच्या माशांसाठी त्यांनी बांधाला खांड पाडून बांबूचा सापळा लावला होता. तशी सगळेच पाडतात, पण मासे खाऊन झाले की दगडमाती ठोकून बुजवतात. मामंजींनी पेंढा कोंबला आणि वर चिखल थापला. म्हणाले, "परत मासं चढलं तर उकरायला सोपं."

मासे आले नाहीत, नदी आली. लावणी आटोपली त्याच दुपारी. माथेरानचे घोडे वाहत आले असते तरी कुणी नवल केलं नसतं, एवढं पाणी. पेंढा बाटलीच्या बुचासारखा उडाला.

सासूबाई धावल्या. पाठीवर पळसाच्या पानांचं इरलं होतं. त्यांनी एकदा खांडीकडे पाहिलं आणि इरल्याची पाठ नदीकडे करून सरळ खांडीत बसल्या. खांड अगदी त्यांच्या मापाची निघाली. थेंब आत येईना. देवाशपथ सांगते, नदी दोन पावलं मागं सरून विचार करत उभी राहिली.

"बगताय काय, माती हाना," त्या म्हणाल्या.

लावणीला आलेल्या ठाकूरवाडीच्या बाया मजुरी घेऊन डोंगराकडे निघाल्या होत्या. त्या मागे फिरल्या आणि टोपल्यांनी चिखल आणू लागल्या. मी दगड वाहत होते. मामंजी नुसतेच फिरत होते.

"गारठशील गं. ऊठ, मी बसतो."

"तुमी बसा, नि दोनी बाजूनं पानी जाऊ दे. फावडं घ्या."

एका बाईने विचारलं, "मावशे, मांडीखाली मासा आला तर?"

"धरीन की. पर ह्यांना सांगू नको, पुन्यांदा खांड पाडतील."

दिवस कलला तेव्हा पाणी उतरलं. सासूबाई इतक्या रुतल्या होत्या की बैलजोडी लावून काढावं लागलं. गावातले सांगतात, चार बायांनी हात धरून ओढलं. गावाला कुठे नीट दिसतं.

दिवाळीनंतर भात झोडलं. पहिली पाटी मामंजींनी घराकडे उचलली तशा सासूबाई आडव्या आल्या.

"ही वाडीला."

"त्यांची मजुरी दिली की."

"लावनीची दिली. बांधाची त्यांनी मागितली नाय, म्हून आपन इसरायचं?"

मामंजी पाटी डोक्यावर घेऊन डोंगर चढू लागले. उरलेल्या भातावर आमचं वर्ष निघालं. त्याच भाताची पेज पिऊन माझी थोरली वाढली आणि अंगापिंडाने थेट आजीवर गेली. नदीकाठच्या सगळ्या देवांचे त्याबद्दल उपकारच मानते.