काकांचं तीर्थ

मी वांगं लावलं होतं. निदान माझा तसा समज होता. नर्सरीतून वांग्याच्या बियांचं पाकीट आणलं, कुंडीत पेरलं आणि उगवलेल्या रोपांपैकी सगळ्यात तगडं ठेवून बाकीची बारकी रोपं उपटून टाकली. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. उपटलेली वांग्याची होती, हे फार उशिरा कळलं. जे ठेवलं ते मातीबरोबर फुकट आलं होतं. केळ्याच्या सालींचं पाणी आणि काठीचा आधार मी त्यालाच देत होते. पानं जांभळट, देठ जांभळा. मला वाटलं, जातिवंत वांगं आहे.

एका संध्याकाळी त्याला वीतभर लांब, कर्ण्यासारखं फूल आलं. वांग्याला असं फूल येत नाही एवढं मलाही कळलं. मोबाइलने फोटो बघून नाव सांगितलं आणि खाली लाल अक्षरांत इशारा दिला. धोतरा. पान, फूल, बी, सगळंच विषारी.

"फेकून दे," आई म्हणाली.

मला ते जमेना. या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन मला काही वर्षं झाली, पण लिफ्टमध्ये कोणी असेल तर मी सहाव्या मजल्यावरून जिन्याने उतरते. माझ्याकडून इतकी माया मिळालेलं नेरूळमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मग हातमोजे घालून मी कुंडी बाहेर पॅसेजच्या खिडकीशी नेली. तिथे ऊन चांगलं येतं. आमच्या मजल्यावर लहान मूल नाही, मांजर नाही, फक्त समोरचे काका-काकू. तरी सावधगिरी म्हणून पाटी लावायचं ठरवलं. 'विषारी' हा शब्द आईने काढायला लावला. "लोक म्हणतील, दारात विष ठेवलंय." म्हणून पाटीवर फक्त 'कृपया हात लावू नये' एवढंच राहिलं.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर फूल गायब. समोरचं दार सताड उघडं. दारातूनच काकूंचा देव्हारा दिसतो. पिंडीवर माझं फूल, आणि त्याच्यावर पळीपळीने पाणी.

"काकू, ते फूल..." मी पुटपुटले.

"हो गं, वाचली तुझी पाटी," काकू मान न वळवता म्हणाल्या. "हात नाही लावला. कात्रीने कापलं."

काकूंच्या घरची पद्धत मला ठाऊक होती. अभिषेकाचं पाणी ताम्हनात जमतं, ते वाटीत काढतात आणि आंघोळ करून आलेल्या काकांच्या तळहातावर घालतात. उपाशीपोटी. काकांच्या हृदयात मागच्या वर्षी दोन स्टेंट बसलेत. एका फुलातून पाण्यात किती विष उतरतं याची मला काहीच कल्पना नव्हती, आणि ते काकांवर तपासून बघणं बरं दिसलं नसतं.

काका टॉवेलने कान पुसत आले. तळहात पुढे केला. काकूंनी पळी उचलली.

एकच शब्द बोलायचा होता. विष. पण महादेवाच्या तीर्थाला, देवासमोर, वयाने मोठ्या बाईला तो कसा म्हणायचा? इंग्रजीत मला एक सभ्य वाक्य सुचलं. मराठीत तोंडातून जे बाहेर पडलं ते असं: "थांबा! मला पाळी आलीय! मीच पाणी घातलंय झाडाला!"

काकांचा हात सटकन मागे गेला. आणि पाठोपाठ काकाही, थेट बेडरूममध्ये.

"अगं बाई गं!" काकूंनी फूल कचऱ्यात टाकलं आणि सगळं तीर्थ मोरीत ओतलं. "हळू तरी बोल, मेले! आता पुन्हा पहिल्यापासून पूजा."

कॉलेजात मी पाळी अपवित्र नसते या विषयावर इंग्रजीत चांगला लांबलचक निबंध लिहिला होता. बक्षीसही मिळालं होतं. घरात वळले तर आई दारात उभी.

"मागच्याच आठवड्यात झाली ना तुझी?"

"हळू बोल."

"आता हळू बोल?"

वाटलं, संपलं. पण शनिवारी जिन्यात काकू भेटल्या. भाजी घेऊन त्याही नेमक्या जिन्याने येत होत्या, कारण लिफ्ट बंद होती. दोन मजले वर गेल्यावर तिथून ओरडल्या, "न्हालीस ना गं? मग सोमवारी फूल कापते हं!"

थाप तरी दर सोमवारी चालणारी मारावी. रविवारी संध्याकाळी मी त्यांची बेल दाबली. काका सोफ्यावर पेपर वाचत होते.

"काकू, धोतरा विषारी असतो."

"मग? म्हणून तर त्याला वाहायचा. तो पचवतो."

"तो पचवतो. काकांचं काय? फुलावरून आलेलं पाणी ते पितात."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे. पेपर हळूच खाली आला.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सुचलं नाही."

"आणि ते दुसरं सुचलं?" त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे तसलं काही नव्हतंच?"

"नव्हतं."

पेपर पुन्हा वर गेला. काकूंना आधी राग आला आणि मग इतकं हसू आलं की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. मंगळवारपर्यंत ही गोष्ट अख्ख्या विंगला कळली होती. माझं कौतुक म्हणून सांगत होत्या, असं आई म्हणते.

धोतरा आहे तिथेच आहे. पाटीवर 'विषारी' हा शब्द आता काकूंच्या अक्षरात आहे. काकू आधी अभिषेक उरकतात, तीर्थाची वाटी ओट्यावर नेऊन ठेवतात, आणि मगच हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून फूल वाहतात. पण काकांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा बसलेला नाही. तळहातावर तीर्थ घेतात आणि उघड्या दारातून आमच्याकडे बघतात. मी मान हलवली की पितात. एक शब्द ते बोलत नाहीत, मीही नाही. पण सोमवारी मला लवकर उठून, केस विंचरून, दारात उभं राहावं लागतं.